लपवून पिस्तूल बाळगण्याचे कायदे आणि अमेरिकी पोलिसांची जाण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत भरलेले पिस्तूल कपड्यांखाली किंवा पर्समध्ये, दुसऱ्याच्या नजरेस पडणार नाही असे जवळ ठेवण्याला ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. ते कोणी, कुठे आणि कोणत्या परवान्यावर बाळगायचे हे मुख्यतः प्रत्येक राज्य आपापले ठरवते. रस्त्यात गाडी अडवणाऱ्या पोलिसाला हे नियम कितपत ठाऊक असतात, यावर समोरच्या माणसाची अटक आणि कधी कधी त्याचा जीवही अवलंबून असतो.

व्हरमाँटमध्ये असा परवाना कधीच लागत नव्हता. उलट इलिनॉयमध्ये सामान्य नागरिकाला 2013 पर्यंत तो मिळतच नव्हता. अलास्काने 2003 मध्ये, ॲरिझोनाने 2010 मध्ये आणि टेक्ससने 1 सप्टेंबर 2021 पासून परवान्याची अट काढली. 2024 अखेर अशी राज्ये 29 झाली होती. न्यूयॉर्कमध्ये परवान्यासाठी ‘सबळ कारण’ दाखवावे लागे. ती अट सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये रद्द केली, तेव्हा राज्याने सप्टेंबरपासून नवा कायदा आणला आणि टाइम्स स्क्वेअर, भुयारी रेल्वे अशा ठिकाणी शस्त्र नेण्यास बंदी घातली. पुढच्या काही महिन्यांत न्यायालये त्यातली काही कलमे स्थगित करत राहिली आणि वरची न्यायालये ती स्थगिती उठवत राहिली. गस्तीवरच्या शिपायाने आज सकाळी कोणते कलम चालू आहे हे लक्षात ठेवावे, ही अपेक्षा मोठीच म्हणायची.

गाडी अडवल्यावर जवळ शस्त्र आहे हे स्वतःहून सांगायचे की नाही, यावरही एकमत नाही. मिशिगनमध्ये लगेच सांगावे लागते. ओहायोतही तसेच होते, पण जून 2022 पासून विचारले तरच सांगण्याची सक्ती उरली. एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असेही नाही. पेनसिल्व्हेनियातले फिलाडेल्फिया शहर आणि न्यू जर्सी राज्य यांच्यामध्ये फक्त डेलावेअर नदी आहे, तरी पेनसिल्व्हेनियाचा परवाना पूल ओलांडताच निरुपयोगी ठरतो. (न्यू जर्सीत मराठी वस्ती मोठी आहे म्हणून एक गोष्ट इथेच नोंदवावी: तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आलेल्यांना संघराज्याचा कायदा, काही अपवाद सोडता, बंदूक बाळगूच देत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.)

पोलिसांच्या अज्ञानाचे गाजलेले उदाहरण फिलाडेल्फियाचेच आहे. पेनसिल्व्हेनियात इतरत्र पिस्तूल उघडपणे कमरेला लावून चालता येते. या शहरात मात्र तेव्हा त्यासाठीही लपवून बाळगण्याचाच परवाना लागत असे. फेब्रुवारी 2011 मध्ये असा परवाना असलेल्या एका माणसावर सार्जंटने पिस्तूल रोखले आणि शहरात हे चालत नाही असे बजावले. त्याने कायदा समजावण्याचा प्रयत्न केला, तरी त्याला जमिनीवर पडायला लावले. हे सगळे त्याने ध्वनिमुद्रित केले होते. ते इंटरनेटवर गेल्यावर त्याच्यावरच खटला भरला गेला आणि पुढे तो निर्दोष सुटला.

पोलिसांची बाजू अगदीच कमकुवत नाही. 2004 च्या संघराज्य कायद्याने सेवेतल्या आणि पात्र निवृत्त पोलिसांना देशभर लपवून शस्त्र बाळगण्याची मुभा दिली. सामान्य माणूस ज्या नियमांच्या जंगलातून वाट काढतो, त्यात पोलिसाला स्वतः फारसे शिरावेच लागत नाही. मग ते अंगवळणी पडणार कसे?

न्यायालयांतही मतभेद आहेत. माणसाजवळ शस्त्र आहे एवढ्यावरून तो धोकादायक मानून पोलिसांनी अंगझडती घेतली तर चालते, असा निकाल चौथ्या सर्किटच्या (संघराज्य न्यायालयांच्या एका विभागाच्या) अपील न्यायालयाने 2017 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका प्रकरणात दिला. तिथे गाडी आधीच वाहतूक नियमभंगासाठी थांबवलेली होती. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ॲलनटाउनच्या प्रकरणात वेगळा मुद्दा निकाली काढला: लपवलेले पिस्तूल दिसले, एवढ्याच कारणावरून कोणाला अडवून ठेवता येणार नाही, कारण त्याच्याकडे परवाना असू शकतो. त्या माणसाकडे तो होताही. त्याआधी 2014 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलिनातल्या एका प्रकरणात आठ विरुद्ध एक मतांनी म्हटले होते की पोलिसाचा कायद्याविषयीचा गैरसमज वाजवी असेल, तर त्यावरून केलेली अडवणूक बेकायदा ठरत नाही. ते प्रकरण गाडीच्या एका ब्रेकलाइटचे होते, पण तत्त्व शस्त्रांच्या कायद्यालाही लागू पडते. नागरिकाला मात्र कायदा माहीत नव्हता ही सबब सहसा चालत नाही. न्यू जर्सीत 2013 मध्ये आपल्याकडे पिस्तूल आहे असे पोलिसाला स्वतःहून सांगणाऱ्या फिलाडेल्फियाच्या एका महिलेला अटक झाली. त्या प्रकरणातून तिची सुटका अखेर 2015 मध्ये गव्हर्नरच्या माफीने झाली.

प्रामाणिकपणे सांगण्याची सर्वांत मोठी किंमत जुलै 2016 मध्ये मिनेसोटात मोजली गेली. सेंट पॉलजवळ फाल्कन हाइट्स इथे अडवलेल्या गाडीच्या चालकाने आपल्याजवळ शस्त्र असल्याचे शांतपणे सांगितले; काही सेकंदांतच पोलिसाने त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या. पुढच्या वर्षी ज्यूरीने पोलिसाला निर्दोष सोडले. मृताकडे परवाना होता, आणि मिनेसोटाच्या कायद्यानुसार पोलिसाने विचारल्याखेरीज शस्त्राविषयी सांगणे त्याच्यावर बंधनकारक नव्हते.