कोकरू, मुकुट आणि खांबांवर उरलेले हात

इटलीतल्या रावेन्ना शहरातल्या सांत अपोलिनारे नुओवो या चर्चमध्ये वेदीकडे तोंड करून उभं राहिलं, की उजव्या भिंतीवर २६ संतांची आणि डावीवर २२ संत स्त्रियांची रांग दिसते. चेहरे जवळपास सारखेच. हे काम सहाव्या शतकातलं, काचेच्या आणि दगडाच्या बारीक तुकड्यांचं, म्हणजे मोझेक.

मग कोण कोण हे कळायचं कसं? आधी डोक्यावरचं नाव वाचायचं. मग हात पाहायचे. त्यांत मुकुट आहे, म्हणजे श्रद्धेसाठी मरण पत्करून मिळवलेला विजय. तो वस्त्राने झाकलेल्या हातांत धरलाय, कारण सम्राटासमोर न्यायची वस्तू उघड्या हाताने धरायची नाही, हा दरबारी रिवाज होता. स्त्रियांच्या रांगेत ॲग्नेसच्या पायाशी कोकरू आहे. तिचं नाव ग्रीक भाषेतल्या ‘शुद्ध’ या अर्थाच्या शब्दावरून आलं. पण लॅटिनमध्ये कोकराला ‘आग्नुस’ म्हणतात, आणि त्या उच्चारसाम्यामुळे कोकरू तिची खूण झालं.

नावाचं महत्त्व कळतं ते याच शहरातल्या, रोमन सम्राज्ञी गाला प्लाचिदियाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाधिगृहात. तिथे पाचव्या शतकातल्या चित्रात पेटलेल्या लोखंडी जाळीशेजारी खांद्यावर क्रूस घेतलेला एक संत आहे. नाव नाही. परंपरा त्याला लॉरेन्स म्हणते, काही अभ्यासक व्हिन्सेंट. जाळीवरचा छळ दोघांच्याही कथेत आहे, त्यामुळे नुसत्या खुणेवरून निकाल लागत नाही.

पार्श्वभूमीचं सोनं भरीव नसतं. काचेच्या जाड थरावर सोन्याचा वर्ख, त्यावर काचेचा अगदी पातळ पापुद्रा, आणि सगळं भट्टीत एकजीव केलेलं. हे तुकडे चुन्याच्या ओल्या गिलाव्यात हाताने दाबतात. म्हणून दिवसभरात जेवढं लावून होईल तेवढाच गिलावा थापायचा. तो आवळला की तुकडा धरत नाही. प्रत्येक तुकडा थोडा वेगळ्या कोनात बसतो, त्यामुळे पाहणारा चालू लागला की भिंतीवरची चमक हलते. सपाट, घासून गुळगुळीत केलेल्या सोन्याला हे जमणार नाही. काच ओलीने आणि क्षारांनी झिजते. वरचा पापुद्रा सुटला की वर्ख उघडा पडतो, निघून जातो आणि मागे नुसती काच राहते.

संतांची ही रांग मुळातली नाही. हे चर्च गॉथ या जर्मानिक लोकांचा राजा थिओडोरिक याने बांधलं. तो एरियन पंथाचा होता, म्हणजे येशू हा ईश्वरपित्याच्या बरोबरीचा नाही असं मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. बायझंटाइनांनी, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याने, ५४० मध्ये शहर घेतल्यावर बिशप आग्नेल्लुसच्या काळात (५५७ ते ५७०) जुन्या आकृत्या काढून तिथे ही रांग बसवली. रांगेत सर्वांत पुढे मार्टिन आहे, जांभळ्या वस्त्रात. तो हुतात्मा नव्हता, पण एरियन मताचा कडवा विरोधक होता. चर्चही तेव्हा त्याच्याच नावाने अर्पण झालं.

याच चर्चमधल्या थिओडोरिकच्या राजवाड्याच्या चित्रात खांबांमधल्या माणसांच्या जागी आता पडदे आहेत. पण माणसांचे हात खांबांवर आले होते, आणि खांब बदलले नाहीत. नीट पाहिलं तर मनगटापासून तुटलेले ते हात आजही दिसतात.