फ्रीझरमधलं मेयोनीज का फाटतं?

मागे एकदा मेयोनीजचा मोठा डबा आणला, एवढं कधी संपणार म्हणून अर्धं काचेच्या बरणीत गच्च भरून फ्रीझरमध्ये ढकललं, आणि महिन्याने काढून वितळू दिलं तर वर पिवळट तेल, खाली पाणी आणि मधे नुसता भुगा. वाटलं, गेलं खराब. पण ते नासलं नव्हतं, फाटलं होतं, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मेयोनीज म्हणजे थोड्याशा पाण्यात (व्हिनेगर धरून) कोंबून बसवलेले तेलाचे बारीक थेंब. अंड्याच्या बलकातलं लेसिथिन आणि प्रोटीन प्रत्येक थेंबाला पातळ आवरण घालतं म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत. उणे १८ अंशाला पाण्याचा बर्फ होतो, उरलेल्या जागेत थेंब एकमेकांवर दाबले जातात, आवरण फुटतं, आणि एकदा तेल एकत्र आलं की वितळल्यावर ते काही आपोआप परत जुळत नाही. कॉर्नफ्लोअर घालून दाट केलेले सॉससुद्धा असेच पाणी सोडतात.

मुळात केचप, मस्टर्ड, सोया सॉस यांना फ्रीझरची गरजच नसते हो! केचपचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४ च्या आसपास असतो आणि एवढ्या आंबटात जंतू सहसा वाढत नाहीत, सोया सॉसमध्ये मीठच एवढं असतं की जंतूंना वाढायला वाव नाही. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवलं तरी बराच काळ टिकतात. फ्रीझर खरा कामाचा पेस्टोसारख्या (बेसिलची पानं तेलात वाटून केलेली इटालियन चटणी) गोष्टींना, बर्फाच्या ट्रेमध्ये थोडा थोडा गोठवायचा, मग क्यूब काढून पिशवीत, हवा शक्य तितकी काढून. डब्यात भरणार असाल तर वर रिकामी जागा सोडा, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं.

फ्रीझर जंतू मारत नाही, झोपवतो फक्त, त्यामुळे चार दिवस बाहेर पडलेला सॉस गोठवून ताजा होत नाही. वितळवायचा तोही फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही.

आता खराब कसं ओळखायचं? केचप वरून जरा काळपट पडला तर तो बहुतेक हवेचा परिणाम. पण झाकण फुगलंय, उघडताना फस्स आवाज येतोय, बुडबुडे दिसतायत, आंबल्यासारखा वास येतोय, तर सरळ टाकून द्या. बुरशी दिसली तरी तेच, चमच्याने वरचं काढून खालचं खायचं नाही, कारण पातळ पदार्थात तिचे धागे आणि विष डोळ्यांना दिसतं त्याच्या खाली पोचलेलं असू शकतं.

आणि एक गोष्ट अशी आहे जिथे नाक काहीच कामाचं नाही. घरी तेलात ताजा लसूण घालून बाहेर ठेवला की क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणं विष बनवणाऱ्या जंतूला हवं तसं घर मिळतं, तेलाखाली ऑक्सिजन नाही, आम्लही नाही. त्याचं विष तयार झालं तरी वास, रंग, चव जशीच्या तशी राहू शकते, त्यामुळे 'जरा चाखून बघू' हा उद्योग तर अजिबात नको. असं तेल फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा, जास्त असेल तर केल्या केल्या गोठवा.

बाकी माझं ते फाटलेलं मेयोनीज घुसळून एखाद्या ड्रेसिंगमध्ये खपलं असतं, पण बरणीला बुडापासून तडा गेला होता, काच आत गेली असेल या भीतीने सगळं कचऱ्यात.