मेलरस्टेन हाउस

स्कॉटलंडच्या दक्षिण भागात, बेरिकशरमध्ये केल्सोजवळ असलेला जमीनदारी वाडा. ब्रिटनमध्ये पहिल्या चार जॉर्ज राजांच्या काळात (1714–1830) रुळलेल्या वास्तुशैलीला जॉर्जियन म्हणतात. मेलरस्टेन त्याच काळातला, पण तो एका दमात झालेला नाही. बाजूच्या दोन विंग वास्तुरचनाकार विल्यम ॲडमने 1725 मध्ये हाती घेतल्या. मधली मुख्य इमारत त्याचा मुलगा रॉबर्ट याची, 1770 च्या दशकातली. बापाचे काम सुरू झाले तेव्हा रॉबर्टचा जन्मही झालेला नव्हता.

काम काढले ते जॉर्ज बेली आणि त्यांची पत्नी लेडी ग्रिझेल यांनी. ग्रिझेलबाई घरखर्चाचा काटेकोर हिशेब ठेवत. त्यांच्या वह्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. विंग उभ्या राहिल्या, मधली इमारत मात्र रखडली. सुमारे 45 वर्षे दोन सुट्या इमारती आणि मध्ये मोकळी जागा, असेच दृश्य होते. अखेर त्यांचा नातू जॉर्ज हॅमिल्टन-बेली याने रॉबर्टला बोलावले.

रॉबर्टने बाहेरून किल्ल्याचा आव आणला: उघड्या सपाट भिंती, बुरूजवजा चौकोनी भाग, वर दातेरी कठडा. हा दर्शनी भाग रुक्ष वाटतो, हा आक्षेप अगदीच गैर नाही. आत पाऊल टाकले की मात्र रोमन धर्तीची नाजूक नक्षी सुरू होते. मुख्य दालने दक्षिणेकडे, ओळीने. आपण उन्हाकडे पाठ करून घर बांधतो. तिथे हिवाळ्यातले तिरपे ऊन जितके आत येईल तितके हवे असते.

ग्रंथालय हे वाड्यातले सर्वांत सरस दालन. छताच्या मधोमध मिनर्व्हा या विद्येच्या रोमन देवीचे गोल चित्र आहे. पुस्तकांच्या कपाटांवर गिलाव्यातले लांबट पांढरे उठावशिल्पपट बसवले आहेत. छतांचे मूळ रंग बऱ्याच अंशी टिकले आहेत आणि मेलरस्टेनचे खरे महत्त्व त्यातच आहे. फिक्या हिरव्या-गुलाबी पार्श्वभूमीवर पांढरी नक्षी उठून दिसावी, असा रॉबर्टचा हिशेब असे. पुढच्या पिढ्यांनी हातावर हात रंग चढवले की नक्षीतल्या पानांच्या कडा बोथट होतात आणि नक्षी नुसते उंचवटे होऊन बसते.

त्या काळी असे छत करताना तुळयांखाली लाकडी पट्ट्या थोडी फट ठेवून ठोकत. जनावरांचे केस मिसळलेला चुन्याचा गिलावा दाबून भरला की तो फटींतून वर येई आणि मागे बोंडासारखा पसरून घट्ट बसे. सगळा भार या बोंडांवर असतो. सगळे मिळून तीन थर. शेवटचा सर्वांत बारीक. एकसारखी फुलेपाने साच्यात ओतून नंतर चिकटवत. गळती लागली की खिळे गंजतात, पट्ट्या सैल होतात, बोंडे तुटतात आणि छत पोटासारखे खाली येते.

गळती बहुधा कठड्यामागूनच होते. तिथली शिशाची पन्हळ खालून दिसत नाही. पालापाचोळा अडकला की पाणी तुंबते आणि भिंतीत उतरते. शिशाचा पत्रा एकसंध लांब घातला तरी घात होतो: उन्हाने पसरून, थंडीने आकसून तो तडकतो. म्हणून तुकडे आखूड ठेवून सांध्यांपाशी पायरी देतात. चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरणे ही आणखी एक घोडचूक. सिमेंट ओल आतच कोंडते, मग दगडाचे पोपडे निघतात.

सर्वांत वरच्या मजल्यावर सुमारे 20 मीटर लांबीची गॅलरी आहे. तिच्या छतासाठी रॉबर्टने रंगीत आराखडा काढला होता, पण तो कागदावरच राहिला. छत अजूनही कोरे आहे.