हेवीवेट विजेत्यांची कालांतर तुलना

आजचा हेवीवेट विजेता आणि पूर्वीचे विजेते यांच्यात सरस कोण, हे ठरवण्याचा मुष्टियुद्धातला जुना खटाटोप. दोघे समोरासमोर कधीच येणार नसल्यामुळे वाद मिटत नाही. पिढीगणिक फक्त नाव बदलते. सध्याचे नाव आहे युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक.

उसिकचा जन्म १७ जानेवारी १९८७ रोजी क्रिमियातील सिम्फेरोपोल येथे झाला. (मुहम्मद अलीचाही वाढदिवस १७ जानेवारीच. त्याला अर्थ काही नाही, पण उसिकचे चाहते तो सांगितल्याशिवाय राहत नाहीत.) २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. २०१८ मध्ये मॉस्कोत मुरात गासिएव्हला हरवून क्रूझरवेट या हेवीवेटखालच्या वजनगटातले चार जागतिक संघटनांचे चारही विजेतेपदाचे पट्टे त्याने ताब्यात घेतले आणि मग तो वरच्या गटात गेला. तेथे अँथनी जोशुआला दोनदा आणि टायसन फ्यूरीला दोनदा हरवले. मे २०२४ मध्ये रियाधला फ्यूरीवर मिळवलेल्या विजयाने तो सर्वमान्य, म्हणजे सगळे पट्टे एकाच वेळी राखणारा, हेवीवेट विजेता ठरला. असा मान १९९९ मधील लेनॉक्स लुईसनंतर कोणाला मिळाला नव्हता. जुलै २०२५ मध्ये वेम्बलीत डॅनियल दुबॉइसला त्याने पाचव्या फेरीत झोपवले, तेव्हा त्याच्या खात्यावर २४ लढती आणि २४ विजय होते.

तुलनेत पहिली अडचण वजनाची. हेवीवेट गटाला वरची मर्यादा नाही. खालची मात्र सरकत गेली. १९७९-८० च्या सुमारास क्रूझरवेट हा मधला गट निघाला आणि आज त्याची कमाल मर्यादा २०० पाउंड, म्हणजे साधारण ९१ किलो आहे. या काट्यावर जुने विजेते उभे केले की गंमत होते. ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ मध्ये निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो ८४-८५ किलोंचा होता. जॅक डेम्प्सी १९१९ मध्ये जेस विलार्डसमोर उतरला तेव्हा ८५ किलोंचा होता. जो लुईसही उमेदीच्या काळात नव्वदीच्या आसपासच. हे तिघेही आज क्रूझरवेट म्हणून लढले असते.

यावरून ‘आजचे राक्षस त्यांना चिरडून टाकतील’ असा निष्कर्ष काढण्याची घाई बरेच जण करतात. प्रत्यक्षात विलार्ड १११ किलोंचा होता आणि डेम्प्सीने पहिल्याच फेरीत त्याला सात वेळा पाडले. ११८ किलोंच्या प्रिमो कार्नेराला ८९ किलोंच्या लुईसने १९३५ मध्ये सहाव्या फेरीत संपवले. पण ते दोघे फ्यूरीइतके चपळ नव्हते, असे यावर उत्तर येते, आणि ते खरे आहे. उसिकची तुलना इथेच उपयोगी पडते. तो मुळात क्रूझरवेटचा माणूस. उंची ६ फूट ३ इंच, म्हणजे अलीइतकीच. डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या लढतीत तो सुमारे १०२ किलोंचा होता आणि ६ फूट ९ इंचांचा फ्यूरी सव्वाशेच्या वर. तिन्ही पंचांनी ती लढत उसिकला ११६-११२ अशी दिली. जुन्या मापाचा मुष्टियोद्धा आजच्या धिप्पाडांना पायांच्या हालचालीवर हरवू शकतो, याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. क्रूझरवेट आणि हेवीवेट अशी दोन्ही सर्वमान्य विजेतेपदे त्याच्याआधी फक्त इव्हँडर होलिफील्डकडे होती.

दुसरी अडचण नियमांची, आणि ती वजनाइतकी चर्चिली जात नाही. पूर्वी विजेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू हा १४ फेऱ्यांच्या लढतीनंतर मरण पावला आणि पुढच्या काही वर्षांत सर्व संघटनांनी १२ फेऱ्या ठरवल्या. आता मागे जाऊन पाहा. १९४१ मध्ये सुमारे ११ किलोंनी हलका असलेला बिली कॉन बाराव्या फेरीअखेर लुईसच्या पुढे होता; तेराव्या फेरीत लुईसने त्याला पाडले. १९५२ मध्ये जर्सी जो वॉल्कॉटही बारा फेऱ्यांनंतर मार्सियानोच्या पुढे होता. तोही तेराव्यातच कोसळला. आजच्या नियमाने दोन्ही निकाल उलटले असते आणि मार्सियानोची ती प्रसिद्ध निष्कलंक कारकीर्द उरली नसती. उलट उसिकचा रियाधमधला विजयही काठावरचाच. नवव्या फेरीत त्याच्या डाव्या ठोशांनी फ्यूरी एका दोरावरून दुसऱ्या दोरावर भेलकांडत गेला. तो जमिनीवर पडला नव्हता, पण दोरांनीच सावरला म्हणून रेफरीने तो पडल्यासारखी मोजणी केली आणि त्यात फ्यूरीचा एक गुण गेला. पंचांचे गुण होते उसिकच्या बाजूने ११५-११२ व ११४-११३ आणि फ्यूरीच्या बाजूने ११४-११३. मोजणीत गेलेला तो एक गुण फ्यूरीला परत दिला तर लढत बरोबरीत सुटते.

हा वाद यंत्राकडे सोपवण्याचा प्रयोगही झाला. १९६९ मध्ये अली आणि निवृत्त मार्सियानो यांना रिंगणात उतरवून खोटे ठोसे चित्रित केले गेले आणि संगणकाच्या ‘निकाला’नुसार ते जोडले गेले. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकी प्रेक्षकांना मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकताना दिसला; युरोपात अली जिंकणारी आवृत्ती दाखवली गेली. निकाल पाहायला मार्सियानो नव्हता, त्याआधीच्या ऑगस्टमध्येच विमान अपघातात तो गेला होता. संगणकावर किती भिस्त ठेवायची ते दोन खंडांतल्या दोन शेवटांवरून कळते. उसिक-फ्यूरी दुसऱ्या लढतीतही कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक अनधिकृत पंच बसवला होता. त्याने उसिकलाच जिंकवले.

उसिक डावखुरा आहे, ही बाब वजन-उंचीच्या तुलनेत हरवते. डावखुरा हेवीवेट विजेता १९९४ पर्यंत, म्हणजे मायकेल मूररपर्यंत, झालाच नव्हता. त्यामुळे जो लुईस किंवा मार्सियानो अशा माणसापुढे काय करतील हे सांगायला आधार फारसा नाही. अलीच्या बाबतीत थोडा आहे. सप्टेंबर १९६६ मध्ये फ्रँकफुर्टला तो जर्मनीच्या कार्ल मिल्डेनबर्गरशी लढला. अली तेव्हा ऐन भरात होता, तरी या डावखुऱ्याच्या उलट्या पवित्र्याने त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, अडखळत राहिला. लढत संपवायला त्याला बारावी फेरी उजाडली.