पॉम्पेईच्या भिंतींवरची निवडणूक

इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या, इटलीतल्या पॉम्पेई या रोमन शहराच्या उत्खननात, घरांच्या आणि दुकानांच्या दर्शनी भिंतींवर निवडणूक प्रचाराचे अडीच हजारांहून अधिक मजकूर सापडले आहेत. भिंतीला चुन्याचा हात देऊन त्यावर लाल किंवा काळ्या रंगात ठळक अक्षरे काढली जात. हे काम रात्रीही चाले. एका रंगाऱ्याने तर सोबत्याला दिलेली सूचनाच भिंतीवर उमटवून ठेवली आहे : ‘कंदीलवाल्या, शिडी धर.’

या मजकुरांत धोरण किंवा आश्वासन जवळजवळ कुठेच आढळत नाही. अमुक माणूस सज्जन आहे, पदाला लायक आहे, त्याला निवडून द्या, एवढेच बहुतेकांत असते. पॉलिबियस नावाचा उमेदवार ‘चांगला पाव देतो’ हा त्यातल्या त्यात ठोस मुद्दा. आपल्या ‘उमेदवार’ या शब्दात उमेद आहे. रोमनांच्या ‘कान्दिदातुस’मध्ये मात्र शुभ्र वस्त्र आहे, कारण रोममध्ये मते मागायला निघालेला माणूस खडूने पांढरा केलेला टोगा अंगावर घेई. निवड व्हायची ती माणसाची पत आणि प्रतिष्ठा पाहून.

ही पत पैशावाचून मिळत नसे. दरवर्षी दोन मुख्य अधिकारी (दुओविर) आणि रस्ते, बाजार व सार्वजनिक इमारती सांभाळणारे दोन एडाइल निवडले जात. पदाला पगार नव्हता. उलट निवडून आलेल्याने स्वखर्चाने खेळ भरवावेत किंवा काही बांधून द्यावे, अशी अपेक्षा असे. दास्यातून मुक्त झालेल्याला स्वतःला पदे बंद होती, त्याच्या मुलाला नव्हती, आणि ही फट किती कामाची होती ते इसिस देवतेच्या मंदिरावरचा शिलालेख सांगतो. भूकंपात कोसळलेले हे मंदिर पोपिडियस केल्सिनस याने पायापासून पुन्हा बांधले, म्हणून नगरसभेने त्याला काही शुल्क न घेता सभासद करून घेतले, असे त्यात नमूद आहे. या दानशूराचे वय होते 6 वर्षे! पैसा अर्थातच वडिलांचा असणार, आणि ते बहुधा मुक्त झालेले दास होते.

मतदार मात्र एकेकटा विचार करणारा नव्हता. फळविक्रेते, सोनार, शेजारीपाजारी असे गटच्या गट एखाद्याच्या पाठीशी उभे असल्याचे भिंती सांगतात. वातिया नावाच्या उमेदवाराला तर ‘भुरटे चोर’, ‘रात्री उशिरापर्यंत पिणारे’ आणि ‘सगळे झोपाळू’ यांचा पाठिंबा जाहीर झालेला दिसतो. हा विरोधकांचा खोडसाळपणा की मित्रमंडळींची थट्टा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला खोडसाळपणाच अधिक संभवनीय वाटतो, कारण गटाच्या पाठिंब्याला वजन असल्याशिवाय त्याची अशी टिंगल करण्यात मजा नाही.

स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता, तरी पाठिंबा देणाऱ्यांत त्यांची नावे आहेत. शहराच्या मुख्य रस्त्यावर आसेलिना हिची खाद्यपेयांची टपरी होती आणि तिच्या भिंतीवर तिथल्या बायकांच्या नावाने उमेदवारांची शिफारस केलेली आहे. त्यांतली झ्मिरिना हिने पुरस्कार केला तो त्याच पाववाल्या पॉलिबियसचा. पुढे कोणीतरी या मजकुरावर चुना फिरवला, पण उमेदवाराचे नाव तसेच ठेवून, फक्त झ्मिरिनाच्या नावावर.