पिचकलेलं अंडं मेलेलंच असतं का?

सापाची अंडी उबवणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: अंड्याला खड्डा पडला की ते गेलं, फेकून द्या. हे चूक आहे, आणि त्यापायी जिवंत पिल्लं कचऱ्यात जातात.

सापाच्या अंड्याचं कवच चिवट, चामड्यासारखं असतं आणि त्यातून पाणी आत-बाहेर होतं. भोवतालचं व्हर्मिक्युलाइट, म्हणजे अंडी ज्यात ठेवतात ते ओल धरून ठेवणारं खनिज, कोरडं पडलं की अंडं आक्रसतं. सुरुवातीच्या आठवड्यांत असं झालं तर पाणी कडेकडेने सोडा, अंड्यांवर ओतू नका. बरीच अंडी काही दिवसांत पुन्हा टरारतात. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र अंडी थोडी बसतातच. तेव्हा घाबरून पाणी वाढवलं तर उलट नुकसान होतं.

खात्री हवी असेल तर अंधारात अंड्याला छोटी टॉर्च लावा. गुलाबी उजेडात बारीक लाल रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं तर अंडं जिवंत आहे. नुसता पिवळा उजेड दिसला तर बहुधा फलनच झालेलं नसतं. पण अंडं फिरवू नका! गर्भ आतून वरच्या बाजूला चिकटलेला असतो, उलटं झालं तर तो मरू शकतो. वर पेन्सिलीने खूण करून ठेवा.

पिल्लं खरोखरच मरत असतील तर आधी तापमान पाहा. बॉल पायथनला साधारण ३१ ते ३२ अंश सेल्सिअस लागतं. कॉर्न स्नेकला २७ ते २९ पुरतं. थर्मामीटर पेटीच्या भिंतीला नको, अंड्यांशेजारी हवा.