कात टाकायला जमलेले खेकडे

मालवणच्या बाजारात कुर्ली घेताना जाणती बाई आधी ती हातावर तोलते, मग पोटाकडून अंगठ्याने दाबून बघते. दबली तर परत टोपलीत. अमावास्येची कुर्ली भरलेली आणि पुनवेची पोकळ, असं इथे घरोघरी सांगतात. अशी पोकळ कुर्ली आजारी नसते. नुकतीच कात टाकल्यामुळे तिच्या नव्या, मोठ्या कवचात मांस कमी आणि पाणीच जास्त असतं.

आपल्याकडच्या कुर्ल्या हे काम बिळात, खडकाच्या कपारीत लपून करतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या पोर्ट फिलिप उपसागरात मात्र ते उघड्यावर चालतं. तिथला हिवाळा सुरू होताना, म्हणजे आपण मृगाची वाट बघत असतो त्या सुमारास, लांब तंगड्यांचे कोळी-खेकडे हजारोंनी किनाऱ्याकडे येतात. पाठ सुमारे 16 सेंटिमीटर रुंद, पाय पसरले तर 70 सेंटिमीटरपर्यंत. राय आणि ब्लेअरगाउरी इथल्या धक्क्यांजवळ, उथळ पाण्यात, ते एकमेकांच्या अंगावर चढून अक्षरशः ढीग करतात आणि जगभरचे डायव्हर कॅमेरे घेऊन त्या थंडगार पाण्यात उतरतात.

एवढी गर्दी विणीसाठी असावी, असं कुणालाही वाटेल. पण फोटो नीट बघा. काही खेकडे मळकट, पाठीवर शेवाळ आणि स्पंज वाढलेले. शेजारचे लख्ख नारिंगी. नारिंगी आहेत त्यांनी कात टाकली आहे. कवच वाढत नाही, म्हणून मोठं व्हायचं तर ते सोडावंच लागतं. कात रोखून धरणारं संप्रेरक खेकड्याच्या डोळ्यांच्या दांड्यांत तयार होतं. ते कमी झालं की तयारी सुरू होते. जुन्या कवचाखाली नवं, मऊ कवच धरतं. खेकडा पाणी ओढून फुगतो, पाठीचं झाकण मागच्या कडेला उसवतं आणि तिथून तो उलट्या दिशेने बाहेर सरकतो. पायाची टोकं, डोळ्यांवरचं आवरण, कल्ल्यांवरचा पातळ थर, इतकंच काय, जठरातले दातसुद्धा मागे राहतात. देवबागच्या वाळूत अख्खी कुर्ली पडलेली दिसली तर उचलून बघा: हलकी, वास नाही, मागची कड डब्यासारखी उघडलेली. ती मेलेली कुर्ली नव्हे, कात आहे.

नवं कवच कडक होईपर्यंत डेंगे निकामी आणि अंग लुसलुशीत. पाकट आणि सील यांना मेजवानीच. हजारोंच्या घोळक्यात एकेकाचा धोका घटतो, म्हणून हा जमाव असावा, असं मानतात. डायव्हरांच्या फोटोंना इथेच मोल येतं. ठिकाण, तारीख आणि खोली नोंदवलेला फोटो शास्त्रज्ञांना उपयोगी पडतो. डीकिन विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा लोकसहभागातूनच या खेकड्यांच्या नोंदी गोळा केल्या आहेत.

मला हे आपल्याकडे व्हायला हवंय. 1987 साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं. तारकर्लीत डायव्हिंग शिकवतात, आणि ऑक्टोबर ते मे या काळात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर कितीतरी माणसं कॅमेरा घेऊन उतरतात. बहुतेक फोटो मात्र स्वतःचे आणि रंगीत माशांचे. कपारीत नर आपल्याखाली मादीला धरून बसलेला दिसला, तर तो क्षण टिपण्याजोगा असतो: चिखलातल्या कुर्लीचा नर मादी कात टाकेपर्यंत तिला असाच राखतो आणि ती मऊ असतानाच त्यांचं मीलन होतं. आपलं पाणी गढूळ, त्यामुळे फ्लॅश कॅमेऱ्यालगत ठेवला तर फोटोत नुसते पांढरे कण येतात. तो बाजूला, लांब दांडीवर हवा. फिन्स तळापासून वर ठेवाव्यात. आणि कातीतून अर्धवट निघालेल्या कुर्लीला कधीही हात लावू नये. ओढाताणीत पाय तुटतो, कधी ती तिथेच अडकून मरते.